मुदत संपलेला दावा आणि फिटलेले देणे

नोकरी सोडून चार वर्षे झालेला कामगार एके दिवशी पत्र पाठवतो की, शेवटच्या महिन्यातील 19 दिवसांचा पगार आपल्याला मिळालेलाच नाही. अशा पत्रावर आस्थापनेच्या कार्यालयातून बहुधा एका ओळीचे उत्तर जाते: ‘आपली मागणी मुदतबाह्य असल्याने कंपनी आपले काहीही देणे लागत नाही.’ या वाक्याचा पूर्वार्ध कदाचित बरोबर असेल. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही, आणि तो लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या आहेत.

मुदत संपते ती दाद मागण्याची. मुदत कायदा, 1963 नुसार वेतनाच्या वसुलीसाठी दिवाणी दावा वेतन देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो, आणि तो उशिरा आला तर प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी न्यायालयाला तो फेटाळावाच लागतो. देणे मात्र फिटते ते पैसे दिल्याने किंवा दोघांनी समजून-उमजून हिशेब चुकता केल्याने. कॅलेंडरची पाने उलटल्याने ते फिटत नाही.

हा फरक मुंबईच्या गिरण्यांनीच न्यायालयात नेलेला आहे. कामगारांनी न उचललेली मजुरी कल्याण मंडळाकडे वर्ग करावी, असे मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम, 1953 मध्ये होते. बॉम्बे डाइंगने त्याला आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1957 मध्ये सांगितले की, मुदत संपली तरी मूळ कर्ज कायम राहते, त्यामुळे मंडळाकडे पैसे भरूनही गिरणी कामगाराच्या देण्यातून मोकळी होत नाही; आणि याच उणिवेमुळे ती तरतूद टिकली नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन अशा भरण्याने मालक मोकळा होईल, अशी सोय करण्यात आली.

मुदतसुद्धा कार्यालयात समजतात तितकी ताठर नसते. पूर्वी वेतन प्रदान अधिनियमाखालील अर्जाला 12 महिने मिळत. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत ती मुदत तीन वर्षांची आहे, आणि त्यानंतरही उशिराचे पुरेसे कारण दाखवल्यास प्राधिकाऱ्याला अर्ज दाखल करून घेता येतो. आजारपण किंवा मालकाने दिलेली खोटी आश्वासने ही कारणे माझ्या मते क्षुल्लक नव्हेत. शिवाय पगार दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावरच टाकलेली आहे. म्हणून उत्तराचा मसुदा करण्याआधी त्या महिन्याचा हजेरीपट आणि पगारपत्रक बाहेर काढावे, त्या नावासमोर सही आहे की रकाना कोरा आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि बँकेतून रक्कम गेली असल्यास तिची नोंद ताडून घ्यावी.

उत्तरातील शब्दांचेही परिणाम वेगवेगळे होतात. मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेल्या लेखी कबुलीने त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. मुदत संपल्यानंतर नुसत्या कबुलीने दावा पुन्हा उभा राहत नाही. परंतु ‘ही रक्कम आम्ही देऊ’ असे लिहून सही केली, तर करार कायदा, 1872 च्या कलम 25 प्रमाणे ते वचन स्वतःच बंधनकारक करार ठरते. ज्याला पैसे द्यायचेच आहेत त्याने तसे लिहायला कचरू नये. ज्याचा निर्णय व्हायचा आहे त्याने मात्र ‘नोंदी तपासत आहोत’ एवढेच लिहून तपासणीची तारीख कळवावी, आणि ती पाळावी.

रकाना कोरा निघाला आणि तीन वर्षे उलटल्यामुळे ती रक्कम महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे भरलेली असेल, तर कामगाराला नकार कळवणे अन्यायाचे आहे. किती रक्कम, कोणत्या महिन्याची आणि कोणत्या तारखेला भरली हे पावतीच्या प्रतीसह त्याला कळवले, म्हणजे त्याला मंडळाकडे मागणी करता येते.