गॅम्बल सुविधा (ऑनलाइन स्लॉट) : न्याय्यता आणि पारदर्शकता

ऑनलाइन स्लॉट खेळात पडद्यावर फिरणारी चित्रांची चक्रे थांबून काही रक्कम लागली, की ती खात्यात जमा करून न घेता लगेच आणखी एका छोट्या डावावर लावण्याची जी मुभा पडद्यावर दिसते, तिला गॅम्बल सुविधा म्हणतात. हा डाव बहुधा पत्त्यांचा असतो. पालथे पान लाल निघेल की काळे हे ओळखले तर रक्कम दुप्पट होते. ते बदाम, चौकट, इस्पिक, किलवर यांपैकी काय आहे हे ओळखले तर चौपट होते. चुकले तर लागलेली सगळी रक्कम जाते. काही खेळांत पानाऐवजी चढत्या रकमांची शिडी असते, पण तत्त्व तेच.

डाव चोख असेल तर लाल-काळ्याची शक्यता निम्मी आणि मोबदला दुप्पट, म्हणजे सरासरी परतावा (लावलेल्या रकमेपैकी सरासरीने परत मिळणारा भाग) शंभर टक्के. चौपटीच्या डावातही चारांत एक शक्यता असल्याने हिशेब तोच येतो. मुख्य चक्रांवर चालक, म्हणजे खेळ चालवणारी कंपनी, आपला वाटा काढून घेतो आणि येथे काहीच घेत नाही, म्हणून ही सुविधा खेळाडूच्या फायद्याची आहे असा समज पसरतो. तो अर्धवट आहे. १०० रुपये लागलेल्या माणसाने सलग पाच वेळा दुप्पट करायचे ठरवले, तर ३२ पैकी एकदाच तो ३,२०० रुपयांपर्यंत पोहोचतो आणि ३१ वेळा हात रिकामे राहतात. रिकाम्या हाताचा माणूस पुन्हा चक्रांकडे वळला, की तेथे चालकाचा वाटा पुन्हा सुरू होतो.

खरा वाद मात्र डाव चोख आहे का, याचा आहे. खेळाडूचा अंदाज बरोबर येण्याची शक्यता ५० ऐवजी ४८ टक्के ठेवली, तर एका डावाचा परतावा ९६ टक्क्यांवर येतो आणि सलग पाच डावांत तो साधारण साडेएक्याऐंशी टक्क्यांपर्यंत घसरतो. खेळणाऱ्याला हे नुसत्या अनुभवावरून कळणे जवळपास अशक्य असते. हजार डावांत ४८० वेळा बरोबर येणे ही चोख डावातही सहज घडणारी गोष्ट आहे. दोन टक्क्यांचा फरक नशिबाच्या चढउतारातून जेमतेम वेगळा दिसायलाही सुमारे अडीच हजार डावांची काटेकोर नोंद लागते. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर खेळणारा कोणीही अशी वही ठेवत नाही, आणि ती ठेवण्याचा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

येथे पारदर्शकतेचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. ठाण्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात म्हाडाच्या कोकण मंडळाच्या घरांची सोडत निघाली आहे, आणि नवी मुंबईत सिडकोच्या घरांच्या सोडतीही लोकांच्या परिचयाच्या आहेत. घराची सोडत म्हणजे जुगार नव्हे. पण तीही संगणकच काढतो, आणि संगणकाच्या आत काय चालते हे सभागृहातल्या कोणालाच दिसत नाही. तरीही कोणत्या गटात किती घरे आणि किती अर्ज, हे आकडे सोडतीआधी जाहीर झालेले असल्याने प्रत्येक अर्जदाराला आपली शक्यता स्वतः काढता येते. गॅम्बलच्या पडद्यावर हे आकडे शब्दांत लिहिलेले नसतात तेव्हा त्यांची जागा पत्त्याचे चित्र घेते. पत्त्यांच्या जोडात ५२ पाने, त्यांतली २६ लाल आणि २६ काळी, हे लहानपणापासून माहीत असलेल्या माणसाला ते चित्र म्हणजेच शक्यतेची ग्वाही वाटते. आतली शक्यता वेगळी असेल आणि ती कोठेच सांगितलेली नसेल, तर तो छपाईतला किरकोळ उणेपणा नाही. ती सरळ दिशाभूल आहे.

काही देशांच्या नियमांनी हा मुद्दा ओळखला आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात एखादे यंत्र पत्त्यांसारखा प्रत्यक्षातला खेळ दाखवत असेल, तर त्या खेळात पान निघण्याची जी गणिती शक्यता असते तीच यंत्रातही असावी लागते. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशन या जुगार-नियामक संस्थेची तांत्रिक मानकेही खऱ्या साधनाची नक्कल करून त्याची शक्यता न पाळणाऱ्या रचनेला मनाई करतात. शिवाय पैसे न लावता खेळायच्या नमुना खेळाचे नियम पैशांच्या खेळाप्रमाणेच ठेवणे बंधनकारक करतात. ही दुसरी अट फार मोलाची आहे, कारण फुकटच्या खेळात सैल हात ठेवून विश्वास कमवायचा आणि पैशांच्या खेळात तो आवळायचा, ही वाट तिने बंद होते.

निकाल आधीच ठरलेला असतो का, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. काही रचनांत बटण दाबताच संगणकाने काढलेली यादृच्छिक (आधी सांगता न येणारी) संख्या जिंकणे-हरणे ठरवते आणि त्याला साजेसे पान नंतर दाखवले जाते. शक्यता ठरल्याप्रमाणे असेल तर यात अन्याय नाही, पण खेळाडूच्या निवडीने काही फरक पडतो असा आभास निर्माण होतो, म्हणून ही पद्धत नियमांत स्पष्ट लिहिलेली असावी. आधीच्या डावांत निघालेल्या पानांची रांग पडद्यावर दाखवण्याची रीत अधिक खटकणारी आहे. सलग पाच काळी पाने पाहून ‘आता लालच येणार’ असे वाटते, पण प्रत्येक डाव स्वतंत्र असल्याने त्या रांगेत पुढच्या पानाविषयी काहीही माहिती नसते.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आधीपासून आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशा शिक्षा त्यात आहेत. नुसता खेळणारा त्यात गुन्हेगार ठरवलेला नाही. बंदीमुळे साहजिकच येथे अशा खेळांची शक्यता तपासून परवाना देणारी यंत्रणा नाही. परदेशी संकेतस्थळावर खेळणाऱ्या ठाणेकराला ब्रिटनचे वा नेवाडाचे नियम लागू होतीलच असे नाही. फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते, पण पालथे पान खरोखर निम्म्या शक्यतेनेच लाल निघत होते का, हे तपासणे त्या यंत्रणेच्या कामात मोडत नाही.