क्वांटम इंटरनेट: ३० सेंटीमीटरपासूनचा प्रवास

क्वांटम इंटरनेट म्हणजे फोटॉनसारख्या (प्रकाशाच्या कणांसारख्या) सूक्ष्म कणांच्या क्वांटम स्थिती दूरवर पोचवणारं जाळं. १९७९ साली प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनला एका परिषदेसाठी आलेले संगणकशास्त्रज्ञ जिल ब्रासार समुद्रात पोहत होते. भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बेनेट हा त्यांना अनोळखी माणूस पोहत पोहत त्यांच्याजवळ आला आणि नक्कल करताच येणार नाही अशा ‘क्वांटम नोटां’बद्दल बोलू लागला. कल्पना मूळची भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन वीसनर यांची. तोवर ती छापूनही आली नव्हती. त्या ओळखीतूनच १९८४ साली या दोघांनी फोटॉन वापरून गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करणारा सांकेतिक आकडा) पाठवण्याची पद्धत मांडली.

अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल होत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालं होतं. त्यामुळे मध्येच कोणी फोटॉन मोजून पाहिला तर त्याच्या खुणा मागे उरतात. १९८९ मध्ये पहिलं उपकरण चाललं, तेव्हा फोटॉनांनी हवेतून कापलेलं अंतर होतं जेमतेम ३० सेंटीमीटर. त्यातही फोटॉनचं ध्रुवीकरण (त्याच्या कंपनाची दिशा) बदलताना वीजपुरवठ्याचा आवाज दर वेळी वेगळा यायचा. नुसतं ऐकूनही गुपित फुटलं असतं. सिद्धांत पक्का असला तरी यंत्र कच्चं असू शकतं, ही काळजी आजही संपलेली नाही.

माझ्या मते त्यानंतरचा सगळा इतिहास अंतराशी दिलेल्या झुंजीचा आहे. उत्तम फायबरमधूनही १०० किलोमीटरवर शंभरातला एखादाच फोटॉन पोचतो. १,००० किलोमीटरसाठी सेकंदाला १० अब्ज फोटॉन सोडले, तरी एक पोचायला सरासरी ३०० वर्षं लागतील! एरवी वाटेत सिग्नल वाढवून घेता येतो. इथे वाढवणं म्हणजे नक्कल करणं, आणि तीच तर होत नाही. जो नियम राखण करतो, तोच वाट अडवतो.

बीजिंग-शांघाय या सुमारे २,००० किलोमीटरच्या मार्गावर म्हणून किल्ली टप्प्याटप्प्याने पुढे पाठवणारी ३२ ठाणी आहेत. पण प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडी होते, त्यामुळे त्या ठाण्यांवर विश्वास ठेवावाच लागतो. चीनच्याच ‘मिसियस’ उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०० किलोमीटरवरच्या दोन ठिकाणी एंटँगल झालेले, म्हणजे दूर असूनही ज्यांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी जुळलेले असतात असे, फोटॉन पोचवले.

खरी आशा आहे ती १९९८ मध्ये सुचवलेल्या क्वांटम रिपीटरवर: छोट्या टप्प्यांवर एंटँगलमेंट जुळवायचं, स्मृतीत धरून ठेवायचं आणि मग टप्पे सांधायचे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२१ मध्ये एंटँगलमेंटने तीन नोड (जाळ्यातली केंद्रं) जोडले. पुढे याच गटाने डेल्फ्ट आणि हेगमधले दोन क्यूबिट (क्वांटम माहितीची एककं) जमिनीखालच्या २५ किलोमीटर फायबरमधून एंटँगल केले.