दूधवाल्यांची राजदूत छंदाची गाडी कशी झाली

इंदूरमध्ये कुणी जुनी हलकी मोटरसायकल दुरुस्त करून पुन्हा उभी करायला घेतली, तर ती बहुधा राजदूत १७५ असते. जावा-येझदीचे चाहते इथेही आहेत, पण त्या गाड्यांच्या किमती आता वर गेल्या आहेत. राजदूत मात्र शहराबाहेर सांवेर-देपालपूरकडे एखाद्या गोठ्यात, नाहीतर शहरातल्या जुन्या घरात जिन्याखाली अजून सापडते.

ही गाडी फरिदाबादला बनली, पण तिचा आराखडा पोलंडचा. क्येल्त्से गावच्या एसएचएल कारखान्याचं एम-११ हे मॉडेल एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून भारतात ‘राजदूत’ नावाने बनवायला घेतलं. पोलंडच का, याचं उत्तर त्या काळच्या तिजोरीत आहे. परकीय चलनाची चणचण होती आणि पूर्व युरोपातल्या देशांशी व्यवहार रुपयांत करता येत होता. एस्कॉर्ट्सने ट्रॅक्टरसाठीही पोलंडच्याच उर्सुसचं तंत्र घेतलं.

पोलंडमधल्या हलक्या टू-स्ट्रोक (पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत इंजिनाचं चक्र पुरं करणाऱ्या) गाड्यांची मुळं पुन्हा जर्मनीत जातात. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीची आरटी १२५ ही साधी, टिकाऊ गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशी नकलून बनवली गेली. इंग्लंडची बीएसए बॅन्टम, रशियाची मॉस्क्वा, यामाहाची पहिलीच मोटरसायकल वायए-१ (१९५५), सगळ्या तिच्यावरून घडल्या. युद्धानंतरच्या पोलिश १२५ सीसी गाड्याही त्याच वळणाच्या. राजदूतचं १७३ सीसी इंजिन उघडलं की हा साधेपणा दिसतो. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन वरखाली होतानाच सिलिंडरमधली भोकं उघडतो नि झाकतो. वंगणाचं ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं. गिअर तीनच.

आता मुख्य गोष्ट. परवाना राजवटीत कंपनीने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे आणि नवं तंत्र आणणं महागाचं काम होतं. गिऱ्हाईक नंबर लावून वाट बघायचं, त्यामुळे मॉडेल बदलण्याची घाईच नव्हती. राजदूतचं इंजिन कित्येक दशकं मुळात तेच राहिलं. १९७३ च्या चित्रपटामुळे ‘बॉबी’ म्हणून गाजलेल्या राजदूत जीटीएस या छोट्या मॉडेलमध्येही तेच बसवलं होतं. त्या काळच्या ग्राहकाला या साचलेपणाचा राग यायचा आणि तो रास्तच होता. पण आज छंद म्हणून गाडी जोडणाऱ्याला त्याच साचलेपणाने तारलं आहे. पिस्टन, क्लच प्लेट, सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा भाग) इतकी वर्षं लाखो घरांत लागत राहिले, म्हणून ते बनवणारे छोटे कारखाने तयार झाले आणि सुटे भाग गावोगावच्या दुकानांत पोचले. सिलिंडर बिडाचा, म्हणजे झिजला तर लेथवाल्याकडे बोअर करून (आतून कोरून) मोठा पिस्टन बसवता येतो. माळव्यातल्या मिस्त्रींनी ही गाडी दूधवाल्यांसाठी इतक्या वेळा खोलली आहे की त्यांना पुस्तक लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून ती रोज शहरात यायची. हे हातातलं ज्ञान मला सुट्या भागांपेक्षा मोलाचं वाटतं, आणि ते जाणणारे मिस्त्री आता म्हातारे होत चालले आहेत.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. जपानी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी मिळाली, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि खुद्द एस्कॉर्ट्सचीच यामाहा आरएक्स १०० आली. आमच्या शेजारी पीथमपूरला कायनेटिक होंडा स्कूटर बनू लागली. कमी पेट्रोल पिणाऱ्या नव्या गाड्यांपुढे राजदूत मागे पडली, पुढे प्रदूषणाचे नियमही कडक होत गेले. गाड्या कोपऱ्यात गेल्या, काही भंगारात.

हल्ली त्यांना नवा मान मिळतो आहे, त्याला कायद्याचीही जोड आहे. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणी सुरू केली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पहिल्या पिढीच्या राजदूत आता या वयात बसतात. पण अट कडक आहे. गाडी मूळ रूपात हवी, चॅसी-इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. रविवारी महूपर्यंत सहज चक्कर मारायची असेल, तर जुनीच नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करत राहायला हवी. त्यामुळे गाडी विकत घेताना टाकी नि क्रोमच्या आधी आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) पाहावी, आणि तिच्यावरचे चॅसी व इंजिन नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या आकड्यांशी ताडून बघावेत.