प्रोटॉनची टक्कर बघायची तर चहूबाजूंनी का बघायला लागते

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीची, म्हणजे प्रोटॉनवर प्रोटॉन आपटायच्या मशीनची, बातमी आली की आमच्या बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत, लेथवर काम करणारी पोरं आधी फोटो झूम करून बघतात आणि मग विचारतात, दोन प्रोटॉनच आपटायचेत की, त्याला एवढं धूड कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथला सीएमएस हा डिटेक्टर, म्हणजे टकरीतनं निघालेले कण टिपणारं यंत्र, २१ मीटर लांब, १५ मीटर उंच आणि वजनाला १४,००० टन, आणि तो असा का झाला हे कळायला थोडं मागं जायला लागतंय.

सुरुवात धुक्यापासनं. स्कॉटलंडचा सी. टी. आर. विल्सन डोंगरावरचे ढग बघून आलेला, तसलेच ढग काचेच्या डब्यात करायला गेला आणि १९११ मध्ये त्याला त्यात कणांच्या वाटा दिसल्या. कण दिसत नाही हो, त्याच्या वाटेवर जमलेले थेंब दिसतात. हिवाळ्यात सांबऱ्याच्या वर लई उंचावरनं विमान जातं तेव्हा विमान नीट दिसत नाही पण मागची पांढरी रेघ दिसते, तसंच समजा. १९५२ ला डोनाल्ड ग्लेसरनं थेंबांऐवजी तापलेल्या द्रवातले बुडबुडे वापरले, त्याला बबल चेंबर म्हणतात, त्याचे लाखो फोटो निघाले आणि टेबलावर वाकून एकेक वाट मोजायचं काम बहुतेक बायकांनी केलं, त्यांची नावं कुठं फारशी येत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

पण बबल चेंबर कण यायच्या आधीच तयार ठेवायला लागतो, टक्कर झाल्यावर "आता फोटो काढ" म्हणून चालत नाही. ती अडचण १९६८ ला जॉर्ज शार्पाकनं सोडवली. गॅस भरलेल्या पेटीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर बारीक तारा ताणल्या, प्रत्येक तारेला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, कण गेला की जवळच्या तारेत लगेच सिग्नल. फोटो गेला, इलेक्ट्रॉनिक्स आलं.

आता खरी गोष्ट. १९७१ ला सर्नमध्ये आयएसआर सुरू झालं, प्रोटॉनवर प्रोटॉन आपटणारं जगातलं पहिलं कोलायडर. त्या वेळी बहुतेकांना वाटायचं की टकरीतला माल सरळ पुढंच जाणार, म्हणून बरेच डिटेक्टर बीमच्या, म्हणजे प्रोटॉनच्या झोताच्या दिशेलाच लावले. प्रत्यक्षात कडेलाही अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त कण येत होते, कारण प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाचे आणखी बारीक कण आहेत आणि तेच एकमेकांवर आदळत होते. मशीनमध्ये ताकद भरपूर असून जे-साय हा कण त्यांच्या हातून सुटला आणि नोव्हेंबर १९७४ ला तो अमेरिकेत सापडला. माझ्या मते आजच्या डिटेक्टरचा आकार या चुकीतनं आलाय.

सर्नचा पुढचा डिटेक्टर यूए१ म्हणूनच टकरीभोवती सगळीकडनं गुंडाळलेला. १९८३ ला त्यात डब्ल्यू बोसॉन हा कण सापडला तो जमाखर्चावरनं: एका बाजूला इलेक्ट्रॉन जोरात निघालाय, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, ताळा जुळेना, म्हणजे न्यूट्रिनो, सहसा कशातच न अडकणारा कण, निसटलाय. पण हा हिशोब भांड्याला कुठं भोक नसेल तरच करता येतो.

आपल्या राज्यातलाही धागा यात आहे. १९६५ ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरपेक्षा खोल टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपले, कण गेला की चमकणारं सिंटिलेटर प्लास्टिक वापरून. सीएमएसच्या चुंबकाबाहेरचा कॅलोरिमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा भाग, पण सिंटिलेटरचाच, आणि तो बनवण्यात परत टीआयएफआरच. आणि फाउंड्रीवाल्यांसाठी खास: सीएमएसच्या टोकांच्या कॅलोरिमीटरमधलं बरंचसं पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांची पितळी कवचं वितळवून काढलेलं आहे!

आता सगळीकडनं बघायचं तर माहितीचा डोंगर होतो. सेकंदाला ४ कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतनं जातात, एवढं साठवणं शक्यच नाही. येळ्ळूरला मळणी झाली की भात वाऱ्यावर उफणतात तसं हे उफणायला लागतं, पहिला ट्रिगर, म्हणजे काय ठेवायचं ते ठरवणारी इलेक्ट्रॉनिक चाळणी, साधारण चार मायक्रोसेकंदांत ठरवतो आणि सेकंदाला साधारण १ लाख ठेवतो, त्यातनं कॉम्प्युटर काही हजारच निवडतात, बाकी कायमचं गेलं. ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेला हिग्ज बोसॉन हा कण याच चाळणीतनं आला. म्हणून ट्रिगरमध्ये काय ठेवायचं यावर तिथं आजही तासन् तास मीटिंगा चालतात, जे-साय सुटला तसं परत काही सुटू नये म्हणून.