जेट उडवायला हवाई दलच लागतं?

सांबऱ्याच्या विमानतळावरून विमान गेलं की बेळगावात कुणीतरी म्हणतंच, "जेट उडवायचं तर हवाई दलातच जायला हवं." एवढ्यावरच नाद सोडणाऱ्या पोरांचं मला फार वाईट वाटतं. मुळात सांबऱ्याच्या हवाई दल प्रशिक्षण केंद्रात वैमानिक नव्हे, एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेले जवान घडतात. अमेरिकेत तर एल-३९ हे चेक बनावटीचं जुनं लष्करी प्रशिक्षण जेट सामान्य नागरिकही विकत घेऊन उडवतात. मात्र नुसता खासगी वैमानिक परवाना पुरत नाही. त्याच विमानाचं प्रशिक्षण, परीक्षकासमोर उड्डाण आणि स्वतंत्र मंजुरी लागते. कारण थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) पुढे ढकलला तरी इंजिन पूर्ण जोर धरायला कित्येक सेकंद घेतं. उतरताना वेग पडल्यावर जाग आली, तर उशीर झालेला असतो. आपल्याकडे खासगी परवान्याला वय १७, दहावी पास आणि किमान ४० तास उड्डाण लागतं.