बेटा माशासाठी घरची टाकी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाजारात ‘फायटर’ या नावाने मिळणारा बेटा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील भातखाचरांचा, पाणथळ जागांचा रहिवासी आहे. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कल्ल्यांबरोबरच त्याला आणखी एक श्वसनेंद्रिय असते, त्यामुळे तो पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. याच गुणामुळे तो काचेच्या बरणीत काही काळ तग धरतो आणि बरणी त्याला पुरते असा समज पसरतो. बरणीत हवा मिळाली तरी त्याच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया जायला जागा नसते. म्हणून आम्ही बरणी विकत नाही, तसेच टाकी आणि मासा एकाच दिवशी देत नाही.

टाकी किमान २० लिटरची असावी. ४० सेंटीमीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद आणि तितक्याच उंचीच्या टाकीत वरची पाच सेंटीमीटर जागा मोकळी सोडली की साधारण एवढे पाणी बसते. पाणी, काच आणि तळाची खडी यांचे वजन २५ किलोच्या पुढे जाते, त्यामुळे टाकी भक्कम व सपाट जागी, खाली थर्माकोलचा तुकडा घालून ठेवावी. खिडकीतले ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी, कारण तिथे शेवाळ वाढते आणि दुपारी पाणी तापते. झाकण हवेच, बेटा उडी मारतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाला आणि उपयुक्त जिवाणूंना मारक असते. बादलीत पाणी दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते, परंतु क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) असल्यास ते तसे जात नाही. त्यामुळे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणानुसार घालणे अधिक खात्रीचे. आरओचे पाणी ‘शुद्ध’ म्हणून निव्वळ तेच भरणारे ग्राहक आम्हाला वारंवार भेटतात. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते माशाला मानवत नाही.

टाकी भरल्यावर स्पंजचा फिल्टर चालू करावा, हवेचा झोत मात्र व्हॉल्व्हने मंद ठेवावा, कारण लांब पर असलेला नर जोरदार प्रवाहात लवकर थकतो. यानंतरचा टप्पा घाई चालत नाही असा आहे. रोज चिमूटभर खाद्य मासा नसलेल्या टाकीत टाकत राहावे. ते कुजून अमोनिया तयार होतो, जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतो. हे जिवाणू स्पंजवर व खडीवर स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. चालत्या, निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर कमी. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागले की मासा न्यायला यावे. घरी गेल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळावे, मग मासा जाळीने सोडावा; पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. मुंबई व कोकणात वर्षातील बहुतेक दिवस हे सहज साधते, परंतु पुणे-नाशिककडे थंडीत थर्मोस्टॅट असलेला २५ वॅटचा हीटर लागतोच. पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा. विदर्भातील उन्हाळ्यात टाकीत बर्फ टाकू नये. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडणे पुरते.

सजावट मऊ असावी. प्लॅस्टिकचे रोप घेतल्यास त्याच्यावरून जुने रेशमी कापड फिरवून पाहावे. धागा अडकला तर परही फाटतील. अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती कमी उजेडात तगतात, मात्र त्यांचे जाड खोड खडीत न पुरता लाकडाला बांधावे. आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणाऱ्या देशी बदामाचे फवारणी नसलेले, गळून वाळलेले पान धुऊन टाकले तर पाण्याला चहासारखा रंग येतो. बेटाला ते मानवते.

दोन नर एकत्र कधीही ठेवू नयेत. या आकाराच्या टाकीत माद्याही नकोत. बेटा मांसाहारी आहे, त्यामुळे पोळीचा चुरा किंवा कणकेच्या गोळ्या देऊ नयेत. बेटाच्या खाद्याचे दोन-तीन दाणे दिवसातून दोनदा पुरतात आणि आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. उरलेले दाणे लगेच काढावेत.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाखाली धुतल्यास जिवाणू मरतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचा फेस दिसला तर घाबरू नये, ते नराने बांधलेले घरटे असते. मासा पर मिटून तळाशी बसू लागला किंवा परांच्या कडा झिजू लागल्या, तर औषध घालण्यापूर्वी पाणी तपासावे. चाचणी संच नसल्यास टाकीतील पाणी स्वच्छ बाटलीत भरून दुकानात आणावे. आम्ही ते विनामूल्य तपासून देतो.