कडेआडचं विवर आणि ११७८ सालची संध्याकाळ

पृथ्वीवरून दिसणाऱ्या चंद्राच्या ईशान्य कडेच्या जरा पलीकडे जोर्दानो ब्रूनो नावाचं २२ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. चंद्राच्या मानाने ही खळगीच. पण तिच्याभोवतीचे पांढरे पट्टे शेकडो किलोमीटर पसरलेत. १९५९मध्ये ल्यूना-३ या सोव्हिएत यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे पहिले धूसर फोटो पाठवले, तेव्हा त्यातला एक उजळ पट्टा डोंगररांग समजला गेला आणि त्याचं ‘सोव्हिएत पर्वत’ असं बारसंही झालं. तिथे डोंगर नव्हताच! विवराला मात्र १६००मध्ये रोममध्ये जिवंत जाळलेल्या तत्त्वज्ञाचं नाव मिळालं.

गाजलं ते वेगळ्याच कारणाने. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या मठातल्या जर्व्हेज या साधूने बखरीत लिहून ठेवलंय, की १८ जून ११७८च्या संध्याकाळी पाच किंवा अधिक जण चंद्राची कोवळी कोर बघत असताना तिचं वरचं टोक दुभंगलं, मधून पेटता पलिता निघाला, निखारे उडाले आणि चंद्र घायाळ सापासारखा तळमळला. पाहणारे शपथ घ्यायला तयार होते. १९७६मध्ये भूवैज्ञानिक जॅक हार्टुंग यांनी सुचवलं, की त्यांनी पाहिली ती चंद्रावरची एक मोठी धडक, म्हणजे याच विवराचा जन्म. दोन वर्षांनी कालाम आणि मल्हॉलंड या संशोधकांनी लेझरने मोजलेलं चंद्राचं बारीक थरथरणं अलीकडच्या धडकेची खूण म्हणून पुराव्याला जोडलं. अशी गोष्ट कोणाला आवडणार नाही?

२००१मध्ये पॉल विदर्स या संशोधक विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारला: मग उडालेला मुरूम गेला कुठे? एवढ्या धडकेनंतर सुमारे एक कोटी टन माल पृथ्वीकडे आला असता आणि आठवडाभर आकाशातून उल्कांची अक्षरशः झड लागली असती. त्याची नोंद ना युरोपात, ना अरबांकडे, ना चीन-जपानात. चंद्राच्या नेमक्या रेषेत, आपल्याच वातावरणात फुटलेली एखादी उल्का त्या मंडळींना दिसली असावी, हा त्याचा अंदाज मला पटतो. तशी उल्का त्याच जागेवरून बघणाऱ्यांनाच चंद्रावर दिसणार.

पुढे जपानच्या कागुया यानाच्या फोटोंत विवराभोवतीच्या मालावर पडलेले बारके खड्डे मोजले गेले. जितकी जागा जुनी, तितके खड्डे जास्त. वय निघालं १० लाख ते १ कोटी वर्षं. म्हणजे विवर तरुणच, पण जर्व्हेजच्या काळातलं नक्कीच नाही.

२०२४मध्ये एका संशोधनाने मांडलं, की पृथ्वीसोबत सूर्याभोवती फिरणारा कामोओआलेवा हा छोटा लघुग्रह याच धडकेत उडालेला तुकडा असू शकतो. मे २०२५मध्ये चीनचं तिआनवेन-२ यान तिथली माती आणायला निघालं.